वानराचा पाला, मुंगीच्या मिशा आणि आमच्या घरातली हिरवी बाटली



गेल्या महिन्यात एका शुक्रवारी दुपारी शब्बाथचा स्वयंपाक आटोपून मी जरा टेकले आणि फोन हातात घेतला. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन बातम्या येऊन पडल्या होत्या. पहिली पुतणीने ठाण्याहून पाठवली होती. जंगलातल्या एका वानराने पाला चावून स्वतःची जखम बरी केली, अशी ती बातमी. दुसरी बीअर शेव्याच्या भाच्याकडून आली होती. मुंग्या वासावरून कॅन्सर ओळखतात, असे तिच्यात होते. तिसरी कोणी पाठवली ते आठवत नाही. ग्रीन टी कॅन्सरच्या पेशी मारतो असे तिच्यात लिहिले होते आणि खाली हात जोडल्याची सात चित्रे होती.

पहिल्या दोन बातम्या खऱ्या आहेत. तिसरी अर्धीच खरी आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्याने गेल्या वर्षी आमच्या घरात काय केले ते आज मी सांगणार आहे. सांगायला लाज वाटते, कारण मी ३१ वर्षे नर्सची नोकरी केली आहे. पण आपल्या मंडळींपैकी कितीतरी घरांत तशीच एखादी बाटली कपाटात असेल, म्हणून सांगते.

आधी त्या तीन बातम्या नीट समजून घेऊ.

राकूसची जखम

इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर गुनुंग ल्यूसर नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे ओरांगउटान राहतात. मलय भाषेत या नावाचा अर्थच 'रानातला माणूस' असा आहे. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेचे संशोधक तिथल्या संशोधकांबरोबर वर्षानुवर्षे या वानरांच्या मागे फिरतात आणि त्यांचे खाणेपिणे, झोपणे, भांडणे लिहून ठेवतात.

जून २०२२ मध्ये त्यांना राकूस नावाच्या एका नराच्या उजव्या डोळ्याखाली मोठी जखम दिसली. दुसऱ्या नराशी झटापट झाली असावी. तीन दिवसांनी राकूसने एका वेलीची पाने तोडली, चावली, आणि गिळण्याऐवजी तो रस बोटाने जखमेवर लावू लागला. हे काम त्याने सुमारे सात मिनिटे केले. मग चावलेला चोथा जखमेवर थापला, अगदी आपण लेप लावतो तसा. पाच दिवसांत जखमेचे तोंड मिटले आणि महिनाभरात जेमतेम खूण उरली. हा अभ्यास मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. रानातल्या प्राण्याने औषधी वनस्पतीचा लेप जखमेवर लावल्याची ही पहिली व्यवस्थित नोंद मानली जाते.

त्या वेलीला तिथले लोक 'आकार कुनिंग', म्हणजे पिवळे मूळ, म्हणतात आणि ताप, जुलाब यांवर वापरतात. तिच्यात जंतूंना आवर घालणारी आणि सूज कमी करणारी रसायने आहेत.

बातमी खरी, पण तिच्यातून निष्कर्ष किती काढायचा? वानर एक, जखम एक. पाला लावला नसता तर जखम किती दिवसांत भरली असती, ते कोणी पाहिलेले नाही. संशोधकांनी तसा दावाही केला नाही. प्राणी स्वतःवर उपचार करत असावेत, एवढेच ते जपून म्हणाले. पण ठाण्याहून माझ्या फोनवर येईपर्यंत त्या बातमीला शेपूट फुटले होते: 'निसर्गात सगळ्या रोगांवर औषध आहे, डॉक्टर सांगत नाहीत.'

आता आपल्या ओळखीची गोष्ट. राकूसची वेल ज्या कुळातली, त्याच कुळातली आपली गुळवेल. कोकणात तापावर गुळवेलीचा काढा कोणाच्या घरी झाला नाही? माझी आजी द्यायची आणि आम्ही नाक दाबून प्यायचो. पण २०२० मध्ये, कोरोनाच्या दिवसांत, लोक महिनोन् महिने रोज गुळवेल घेऊ लागले. तेव्हा मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद केली. सहाही जण गुळवेल घेत होते. भारत सरकारच्या आयुष मंत्रालयाला हा निष्कर्ष मान्य झाला नाही. रुग्णांनी घेतलेली वेल गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, असा त्यांचा सवाल होता. तो वाद वैद्यांनी आणि डॉक्टरांनी सोडवावा. आपल्यासाठी दोन्ही बाजूंतून एकच गोष्ट निघते. चार दिवस काढा घेणे वेगळे आणि पुडीतली पूड महिनोन् महिने खाणे वेगळे. शिवाय त्या पुडीत नेमके काय आहे, ते वरच्या चिठ्ठीवरून कळतेच असे नाही.

मुंगीची शाळा

दुसरी बातमी फ्रान्सची. युरोपात सगळीकडे सापडणारी एक काळी मुंगी आहे. मुंगीला नाक नसते. तिच्या डोक्यावरच्या दोन मिशा, म्हणजे शृंगिका, हेच तिचे नाक. मुंग्यांचा सगळा कारभार वासावर चालतो. घरचा कोण, परका कोण, वाट कुठली, सगळे वासावरून.

पॅरिसजवळच्या संशोधकांनी या मुंग्यांना शिकवायचे ठरवले. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींच्या वासाजवळ त्यांनी साखरपाण्याचा थेंब ठेवला. मुंगी फिरत फिरत आली आणि थेंब प्याली. असे तीन वेळा केले. नंतर साखर काढून घेतली आणि दोन वास समोर ठेवले, कॅन्सरच्या पेशींचा आणि निरोगी पेशींचा. मुंगी कॅन्सरच्या वासाजवळ जास्त वेळ घुटमळू लागली. हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षी त्यांनी उंदरांच्या लघवीवर प्रयोग केला. काही उंदरांच्या अंगात माणसाच्या स्तनाच्या कॅन्सरची गाठ वाढवलेली होती. मुंग्यांनी त्या आजारी उंदरांची लघवीही वेगळी ओळखली.

यात जादू नाही. कॅन्सरच्या पेशीचे काम निरोगी पेशीपेक्षा वेगळ्या रीतीने चालते, म्हणून तिच्यातून हवेत उडणाऱ्या रसायनांचे मिश्रणही वेगळे असते. कुत्र्यांनाही हे वास कळतात, पण कुत्रा शिकवायला महिने लागतात. मुंगी तीन धड्यांत शिकते, हेच या प्रयोगातले नवे.

पण माणसांवर याची तपासणी पुरेशी झालेली नाही. माणूस लसूण खातो, सिगारेट ओढतो, मधुमेहाच्या गोळ्या घेतो, आणि या प्रत्येकाने अंगाचा वास बदलतो. मुंगी त्यात गोंधळेल का, हे पाहायचे आहे. तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते वापरावे. पन्नाशी उलटली की कुपत खोलीमकडून स्त्रियांना दर दोन वर्षांनी मॅमोग्राफीसाठी बोलावणे येते. शौचातले न दिसणारे रक्त तपासायची डबी स्त्री-पुरुष दोघांनाही मिळते. मुंगीची बातमी दहा जणांना पाठवणारा माझा भाचा ५३ वर्षांचा आहे. त्याची ती डबी दोन वर्षे स्वयंपाकघरातल्या खणात पडून होती. मी फोनवर खडसावले तेव्हा कुठे पाठवली.

पेशीतला कचरा

आता तिसरी बातमी. ती समजायला आधी हैफाला जावे लागेल.

आपल्या अंगातली प्रत्येक पेशी सतत प्रथिने बनवते. काही प्रथिने बिघडतात, काहींचे काम संपते. हा कचरा वेळेवर हलवला नाही तर पेशी मरते. तो हलवला कसा जातो, हे हैफाच्या टेक्निऑनमधल्या दोघांनी आणि अमेरिकेतल्या एकाने शोधले. अव्राम हेर्श्को हे १९५० मध्ये हंगेरीतून कुटुंबाबरोबर इथे आले, म्हणजे आपल्यासारखेच ओले. आहारोन चिखानोव्हर हे त्यांचे विद्यार्थी, जन्माने हैफाचेच. तिसरे अमेरिकेचे आयर्विन रोझ. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सशाच्या रक्तातल्या कोवळ्या तांबड्या पेशींवर काम सुरू केले. जे प्रथिन टाकायचे असेल त्याला पेशी 'युबिक्विटिन' नावाची एक छोटी चिठ्ठी चिकटवते, असे त्यांना आढळले. चिठ्ठी लागलेले प्रथिन एका पिंपासारख्या यंत्रात ओढले जाते आणि तिथे त्याचे तुकडे होतात. या यंत्राला प्रोटिअसोम म्हणतात. या शोधासाठी तिघांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तेव्हा इथल्या सगळ्या वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो होते, तुम्हालाही आठवत असतील.

हे तिघे कॅन्सरचे औषध शोधत नव्हते. पेशी कचरा कसा काढते, एवढाच त्यांचा प्रश्न होता. पुढे हार्वर्डचे आल्फ्रेड गोल्डबर्ग आणि त्यांचे सहकारी हे यंत्र अडवणारी रसायने शोधू लागले. आजारपणात माणसाचे स्नायू झिजतात, ते थांबवता येईल का, असा त्यांचा पहिला विचार होता. ती रसायने कामाला आली ती मात्र रक्ताच्या एका कॅन्सरवर, मल्टिपल मायलोमावर.

मायलोमा हाडांच्या आतल्या मगजात सुरू होतो. तिथल्या ज्या पेशी जंतूंशी लढणारी प्रथिने बनवतात, त्यांतली एक बिघडते आणि भरमसाट वाढते. तिची वंशावळ दिवसरात्र प्रथिने बनवत राहते. जिथे कारखाना मोठा, तिथे कचराही मोठा. म्हणून कचऱ्याचे यंत्र बंद पडले की या पेशी इतर पेशींपेक्षा लवकर गुदमरतात. नगरपालिकेची गाडी आठवडाभर आली नाही तर एकट्या म्हातारीच्या घरी फार बिघडत नाही, पण लग्नाच्या हॉलचे काय होईल, तसेच हे.

या तत्त्वावरचे पहिले औषध बोर्टेझोमिब. त्याला अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली. ते सुईने शिरेतून किंवा पोटाच्या, मांडीच्या कातडीखाली देतात. त्याच्या टोकाला बोरॉनचा एक अणू आहे. बोरॉन म्हणजे कोणी परका नव्हे. कॅरमवर टाकतो ती बोरिक पावडर, तिच्यातलाच तो. बोरॉनचा स्वभाव असा की काही विशिष्ट जागी बसलेल्या ऑक्सिजनशी तो हात मिळवतो. कचऱ्याच्या यंत्रात जिथे प्रथिने कापली जातात, नेमकी तिथे अशी एक जागा आहे. औषधाचा बोरॉन तिथे जाऊन बसतो आणि यंत्र अडते.

हा बोरॉनचा हात लक्षात ठेवा. आमच्या घरातला घोटाळा त्याच हाताशी झाला.

आमच्या घरी

माझे यजमान अश्दोदच्या बंदरात तीस वर्षे काम करत होते. पाठदुखी त्यांना नवी नव्हती. गेल्या वर्षी ती वाढली, रात्रीही झोपू देईना. जिना चढताना धाप लागू लागली. त्याआधीच्या हिवाळ्यात दोनदा न्यूमोनिया झाला होता. प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे वेगळे उत्तर तयार होते. पाठ बंदराच्या कामामुळे, धाप वयामुळे, न्यूमोनिया थंडीमुळे. तिन्ही गोष्टी एकाच रोगाच्या असतील, हे मलाही सुचले नाही. कुपत खोलीमच्या आमच्या डॉक्टरीणबाईंना सुचले. त्यांनी रक्त तपासले, त्यात हिमोग्लोबिन कमी आणि प्रथिन जास्त आले. तीन आठवड्यांत मायलोमाचे निदान झाले आणि बोर्टेझोमिबची सुई सुरू झाली.

अशा वेळी सगळे नातेवाईक मदत करू पाहतात. पुतणीने ठाण्याहून गुळवेलीची पूड पाठवली. 'काकी, काकांना ग्रीन टीच्या गोळ्याही द्या. नैसर्गिकच आहेत, नुकसान तर काही नाही ना,' असे ती फोनवर म्हणाली. मी इथल्याच दुकानातून हिरव्या झाकणाची बाटली आणली.

हे गोळ्यांना कंटाळलेले होते. "आणखी एक कशाला?" म्हणाले.

"अहो, साधा चहा आहे तो, गोळीत भरलेला. घ्या."

"तू नर्स आहेस. तू म्हणतेस तर घेतो."

चार आठवडे ते रोज दोन गोळ्या घेत होते.

मग एका सुईच्या दिवशी दिवसाच्या वॉर्डातल्या नर्सने कागद भरताना विचारले, "आणखी काही घेता का? तोस्फे तेझुना? त्झिम्खे मार्पे?" मी पटकन "नाही" म्हणाले. खोटे बोलायचे म्हणून नव्हे. माझ्या डोक्यात ती औषधेच नव्हती. औषध म्हणजे डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेले, असा माझा तीस वर्षांचा हिशेब. यजमान माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "अगं, ती हिरवी बाटली?"

नर्सला मराठी कळत नव्हते, पण माझा चेहरा कळला. तिने पेन खाली ठेवले आणि फार्मासिस्टला बोलावले.

फार्मासिस्ट तरुण मुलगा होता. त्याने शांतपणे सांगितले ते असे. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांना वाटले की ग्रीन टीमधल्या मुख्य रसायनाने बोर्टेझोमिबला जोर येईल. कॅन्सरच्या पेशींवर आणि उंदरांवर त्यांनी प्रयोग केला, तर उलटेच घडले. औषध निकामी झाले. कारण ग्रीन टीच्या त्या रसायनात ऑक्सिजनच्या जोड्या शेजारी शेजारी बसलेल्या असतात, आणि बोरॉनला ते स्थळ फार पसंत पडते. तो कचऱ्याच्या यंत्रापर्यंत पोहोचण्याआधी वाटेतच त्यांचा हात धरतो. मग यंत्र चालूच राहते आणि कॅन्सरची पेशी मजेत जगते.

नंतर दुसऱ्या प्रयोगांत असेही दिसले की रसायनाचे प्रमाण कमी असेल, साधा चहा प्यायल्यावर रक्तात येते तेवढेच, तर औषधाला बाधा येत नाही. म्हणजे प्रश्न कपाचा कमी आणि गोळ्यांचा जास्त. एकेका गोळीत अर्क आटवून भरलेला असतो. हा आटवलेला अर्क जास्त प्रमाणात घेतला तर यकृतालाही त्रास देऊ शकतो. मोठ्या डोसच्या क जीवनसत्त्वानेही उंदरांमध्ये या औषधाचा जोर कमी झाल्याचे दिसले आहे. म्हणून हे उपचार चालू असताना ग्रीन टीच्या आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नका, असे डॉक्टर सांगतात.

म्हणजे तिसऱ्या बातमीतले अर्धे सत्य हे. प्रयोगशाळेतल्या बशीत ग्रीन टीचे रसायन कॅन्सरच्या पेशींना त्रास देते, हे खरे. पण माझ्या नवऱ्याच्या रक्तात ते एकटे नव्हते. तिथे त्याचीच वाट अडवलेले औषध होते.

आम्ही बाटली बंद केली. गुळवेलही बंद केली, कारण एकाच वेळी यकृतावर किती ओझे टाकायचे. त्या चार आठवड्यांत गोळ्यांनी किती बिघडवले, की काहीच बिघडवले नाही, हे सांगता येत नाही. मी डॉक्टरांना दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्यांनी पुढच्या तपासणीची तारीख दिली. पुढे रक्तातले ते प्रथिन हळूहळू उतरले. आज हे शब्बाथला सिनेगॉगपर्यंत चालत जातात, वाटेत एका बाकावर बसतात आणि पुन्हा उठतात. पण त्या चार आठवड्यांचा विचार मला अजूनही रात्री जागा ठेवतो. ज्या हातांनी लोकांना औषधे दिली, त्याच हातांनी मी ती गोळी दिली होती.

पुतणीला मी रागावले नाही. तिने प्रेमानेच पाठवले होते. विचारायचे काम माझे होते.

बातमी आली की काय विचारावे

अशा बातम्या वाचू नका असे मी म्हणत नाही. मी स्वतः आवडीने वाचते. पण प्रत्येक बातमीला चार प्रश्न विचारायची मी सवय लावली आहे.

१. प्रयोग कोणावर झाला? काचेच्या बशीतल्या पेशींवर, उंदरांवर की माणसांवर? बशीत कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या वस्तू पुष्कळ असतात. ब्लीचनेही त्या मरतात.

२. किती जणांवर झाला? एक वानर आणि हजार रुग्ण यांत फरक आहे.

३. कशाशी तुलना केली? औषध न घेतलेल्यांचे काय झाले, ते पाहिले का?

४. हे माझ्या चालू औषधांबरोबर चालेल का? या प्रश्नाचे उत्तर बातमीत कधीच नसते. ते तुमच्या डॉक्टरांकडे किंवा फार्मासिस्टकडे असते.

चौथा प्रश्न फक्त कॅन्सरवाल्यांसाठी नाही. आपल्या बाजारात ढिगाने मिळणारे ग्रेपफ्रूट, ज्याला इथे एश्कोलीत म्हणतात, ते कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांची रक्तातली पातळी वाढवते. उदासपणावर विकली जाणारी हायपेरिकम नावाची वनस्पती उलटे करते. ती यकृताला औषधे लवकर मोडायला लावते, त्यामुळे बरीच औषधे, बोर्टेझोमिबसुद्धा, कमी पडतात.

करायच्या गोष्टी

एक कागद घ्या. घरातल्या आजारी माणसाच्या तोंडात जे जे जाते ते सगळे त्यावर लिहा. चिठ्ठीवरच्या गोळ्या, जीवनसत्त्वे, काढे, पुड्या, भारतातून आलेले चूर्ण, सगळे. नावे हिब्रूत लिहिता येत नसतील तर नातवंडांकडून लिहून घ्या. तेही नाही जमले तर बाटल्याच पिशवीत घालून न्या. इस्पितळात दोन शब्द कानावर आले की थांबा. तोस्फे तेझुना म्हणजे जीवनसत्त्वे आणि इतर पूरक गोळ्या. त्झिम्खे मार्पे म्हणजे औषधी वनस्पती. आपली वडीलधारी मंडळी हिब्रूतला प्रश्न कळला नाही तरी 'केन, केन' किंवा 'लो, लो' म्हणून मोकळी होतात. कृपा करून तसे करू नका. 'लो हेवान्ती', समजले नाही, असे सांगण्यात कमीपणा नाही.

दुसरे, पाठीचे किंवा फासळ्यांचे दुखणे आठवडेच्या आठवडे राहिले, त्यात थकवा आला, वारंवार संसर्ग झाला, तर प्रत्येकाचे वेगळे उत्तर घरी शोधू नका. बहुतेकांचे कारण साधेच निघेल. पण डॉक्टरांना तिन्ही गोष्टी एकत्र सांगा, म्हणजे साध्या रक्ततपासणीने संशय फिटेल.

तिसरे, ज्यांना ही सुई चालू आहे त्यांच्यासाठी. या औषधाने पायांना मुंग्या येतात, तळवे जळजळतात, बोटे बधिर होतात. सहन करत बसू नका. लवकर सांगितले तर डॉक्टर डोस किंवा दिवस बदलतात. उशीर केला तर ते बधिरपण मागे राहू शकते. आमच्या ह्यांनी तीन आठवडे सांगितले नव्हते. "सुईने मरता मरता वाचलो, मुंग्यांचे काय रडू?" म्हणाले. सांगितल्यावर डोस कमी केला आणि आता बरेच हलके आहे.

चौथे, हे वाचून चालू असलेली कोणतीही गोळी किंवा काढा स्वतःच्या मनाने बंद करू नका. आधी विचारा.

ती हिरवी बाटली मी फेकली नाही. गोळ्या फार्मसीत परत दिल्या, बाटली धुतली आणि तिच्यात कॅरमची बोरिक पावडर भरून ठेवली. नातवंडे आली की काढतो. पुतणीही मागच्या महिन्यात पुन्हा फोनवर म्हणाली, "काकी, मी एक काढा वाचलाय, पण आधी काकांच्या डॉक्टरांना विचारा हं." मी म्हटले, नाव लिहून पाठव, कागदावर चढवते.

पुढच्या अंकात पायांना मुंग्या येण्याची इतर कारणे पाहू, विशेषतः मधुमेह. तोवर तब्येत सांभाळा.

शालोम.